खंड्याच्या मालकास सप्रेम

जानेवारी संपत आला की आमच्या घरातलं डायनिंग टेबल माझ्या ताब्यातून जातं. त्यावर लाल कागद, कात्र्या, डिंकाच्या बाटल्या, पाकिटं आणि कुत्र्यांच्या खाऊची कुपनं येऊन बसतात, आणि मी ताट हातात घेऊन किचनच्या ओट्याशी उभ्याने जेवतो. माझी बायको देवयानी साखळीला बांधलेल्या कुत्र्यांसाठी कार्डं पाठवते. कुत्र्यांना नव्हे, त्यांच्या मालकांना. येता-जाता कुणाच्या अंगणात कायम बांधलेलं कुत्रं दिसलं की लोक तो पत्ता तिच्या संस्थेला कळवतात, आणि व्हॅलेंटाइन डेच्या सुमाराला त्या मालकाच्या घरी बदामाच्या आकाराचं एक गोड कार्ड जाऊन पडतं. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मला अजून असं कार्ड आलेलं नाही. एकदा तसं बोलून दाखवलं, तर म्हणाली, "तुला कुठे बांधलंय?" मी ताटात आणखी भात वाढून घेतला.

संस्थेचे नियम कडक. मालकाला दोष द्यायचा नाही. ‘साखळी’ हा शब्द कार्डावर येऊ द्यायचा नाही, तो आतल्या पॅम्फ्लेटमध्ये. स्वतःचं नाव घालायचं नाही. आणि काहीही झालं तरी कुणाच्या दारात जायचं नाही. इथे परदेशात घराघरात बंदूक असते, परक्याच्या दारात न सांगता उभं राहणं अंगाशी येऊ शकतं. देवयानी हे नियम दर वर्षी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवते. सगळे म्हणजे शॉमबर्गमधल्या तिच्या तीन मैत्रिणी आणि सिद्धेश. हा सिद्धेश सांगलीचा, डीकॅल्बला एमएस करतो. तो पहिल्यांदा आला तो पावभाजीसाठी, हे तोही नाकारत नाही. पण त्याचं अक्षर देखणं निघालं आणि तो अडकला.

यंदा या मंडळींत माझ्या सासूबाईंची भर पडली. प्रतिमाबाई कोल्हापूरहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी निमूटपणे पाकिटं चिकटवली. दुसऱ्या दिवशी सिद्धेशला विचारलं, "काय लिहितोस रे बाळा यात?"

"‘तुमच्या कुत्र्यासाठी तुम्हीच त्याचं जग आहात. त्याच्यावर असंच प्रेम करत राहा.’"

"असंच?" सासूबाईंचा हात थांबला. "अरे, पण तो बांधून ठेवतोय ना त्याला?"

"आई, गाइडलाइन आहे," देवयानी म्हणाली. "ब्लेम केलं की लोक डिफेन्सिव्ह होतात."

"मग त्याला कळायचं कसं?"

"आत पॅम्फ्लेट असतं ना."

सासूबाईंनी पॅम्फ्लेट हात लांब करून धरलं, जवळ आणलं, पुन्हा लांब नेलं. "हे वाचायला मला दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन करून घ्यावं लागेल. अगं, पोस्टाने गेलेल्या पत्रिकेला लोक पोस्टानेच आशीर्वाद पाठवतात. तुझ्या लग्नात मी घरोघरी अक्षता घेऊन गेले, चार-चारदा आग्रह केला, तेव्हा कुठे कार्यालय भरलं."

"आई, हे लग्न नाहीये!"

"माणसं तीच असतात," सासूबाई म्हणाल्या आणि पुढचं पाकीट उचललं.

मला हसू येत होतं, पण मी ते आवरलं. कारण देवयानीच्या हातात तेव्हा खंड्याचं कार्ड होतं.

खंड्या हे तिनेच ठेवलेलं नाव. ऑफिसला जाताना एल्गिनच्या पुढे मक्याची शेतं लागतात, तिथे एका जुन्या घरामागे बंद पडलेल्या ट्रॅक्टरला तो बांधलेला असायचा. मोठा, तपकिरी, एक कान उभा आणि एक पडलेला. शेजारी एक लाकडी खोकं, त्यात थोडा पेंढा. देवयानी तिथे गाडी हळू करायची, काच खाली करून "खंड्या!" अशी हाक मारायची, आणि तो साखळी ताणून शेपूट हलवायचा. तीन वर्षं रोज. तीन वर्षं दर फेब्रुवारीत तिने त्या घरी कार्ड पाठवलं होतं, आणि दर फेब्रुवारीनंतर खंड्या होता तिथेच होता. ज्या दिवशी बर्फ पडायचं त्या दिवशी ती घरी येऊन माझ्याशी उगाचच भांडायची. मी समजून जायचो आणि भांडायचो, तेवढंच मला जमण्यासारखं होतं.

या वेळी बातम्यांत ध्रुवाकडची थंडी खाली उतरणार म्हणून ओरड चालली होती. उणे पंचवीस. शाळा बंद राहणार होत्या.

"या थंडीत तो राहणार नाही," देवयानी म्हणाली. कार्डाला तिने दुसऱ्यांदा डिंक लावला. "आणि तसं झालं ना, तर मी हे सगळं बंद करणार. नुसते कागद कापत बसायचं!"

सिद्धेशने पेनाचं टोपण लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी देवयानी ऑफिसात होती आणि मी घरून काम करत होतो. सासूबाई जिना उतरून खाली आल्या त्या माझं जुनं जॅकेट, दोन शाली आणि माकडटोपी घालून. हातात स्टीलचा डबा आणि खंड्याचं कार्ड. ते त्यांनी पोस्टात पडूच दिलं नव्हतं.

"श्रीरामराव, गाडी काढा."

"आई, देवयानीला कळलं तर..."

"ती माझी मुलगी आहे. ओरडली तर मला ओरडेल."

हे साफ खोटं होतं, ओरडा कुणाला बसणार ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पण सासूने गाडी काढा म्हटल्यावर नाही म्हणणारा जावई मी अजून पाहिलेला नाही. ऑफिसात दाताच्या डॉक्टरांकडे जातो म्हणून कळवलं आणि निघालो. वाटेत विचारलं, "डब्यात काय आहे?" तर म्हणाल्या, "बेसनाचे लाडू. कुणाच्या घरी हात हलवत जाते का मी?"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मला कुत्र्यांची भीती वाटते. साधीसुधी नाही, समोरून चिमुकलं, स्वेटर घातलेलं कुत्रं आलं तरी मी रस्ता बदलतो. त्यामुळे त्या अंगणात उतरल्यावर मी खंड्याकडे न बघता तडक दार गाठलं. तो मागून साखळी ताणून भुंकत होता आणि माझ्या पाठीला घाम फुटला होता, त्या थंडीत.

दार उघडलं ते काठी टेकत उभ्या असलेल्या एका उंच म्हाताऱ्याने. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माकडटोपीकडे. माकडटोपीने त्याला नमस्कार केला आणि डबा पुढे धरला. काय वाटलं कोण जाणे, त्याने आम्हाला आत घेतलं. मिस्टर डॉयल त्याचं नाव. घर नीटनेटकं, गरम, आणि भयंकर शांत होतं.

मी बोलायला सुरुवात करणार तेवढ्यात माझी नजर फ्रिजवर गेली. त्यावर मॅग्नेटने ओळीत लावलेली बदामाच्या आकाराची तीन लाल कार्डं. शेवटच्यावर सिद्धेशचं अक्षर.

"ती होय," मिस्टर डॉयल जरा लाजत म्हणाला. "दर वर्षी येतात. नाव नसतं. कुत्र्यावर माझं किती प्रेम आहे ते कुणीतरी बघतं आणि लिहून कळवतं. मला दुसरं कुणाचं कार्ड येत नाही, म्हणून लावून ठेवतो."

माझी बायको तीन वर्षं एका परपुरुषाला व्हॅलेंटाइन पाठवत होती आणि तो ती फ्रिजवर लावत होता. त्याला वाटत होतं, आपलं कौतुक चाललंय. दोष द्यायचा नाही हा नियम इतका चोख पाळला गेला होता, की दोष कुठे राहिलाच नव्हता. पॅम्फ्लेटबद्दल विचारलं तर म्हणाला, अक्षर फार बारीक. कुपनं मात्र कामाला आली.

"काय म्हणतोय?" सासूबाईंनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला नाही, पण लावल्यासारखा चेहरा केला. मग म्हणाल्या, "त्याला सांगा, बाहेर थंडी आहे, कुत्र्याला आत घ्या."

मी इंग्रजीत सुरुवात केली. हवामान, अंदाज, प्राण्यांचं आरोग्य, आपल्याला योग्य वाटेल तसं, अर्थात निर्णय आपलाच...

"मी एवढं लांब बोलले नव्हते," सासूबाई म्हणाल्या.

तेव्हा मी तेवढंच बोललो. बाहेर थंडी आहे, कुत्र्याला आत घ्या.

मिस्टर डॉयलने काठी सावरली. मला वाटलं, आता दार दाखवणार. मग त्याने खुब्यावर हात ठेवला. ऑपरेशन झालं होतं. चेस्टर, म्हणजे आमचा खंड्या, बाहेरून आत आला की आनंदाने अंगावर उडी घ्यायचा. दोनदा त्याने पाडलं. दुसऱ्या खेपेला मिस्टर डॉयल याच किचनमध्ये सकाळपासून दुपार होईपर्यंत पडून होता, उठवायला कुणी नव्हतं. चेस्टर शेजारी बसून त्याचं तोंड चाटत होता. मुलगा ॲरिझोनात, तो म्हणतो कुत्रं शेल्टरला देऊन टाक. "ते मला होणार नाही," तो म्हणाला. "म्हणून बाहेर बांधला. निदान खिडकीतून दिसतो."

हे ऐकून मला इतकं वाईट वाटलं की सासूबाईंना सांगताना मी दोनदा अडखळलो. त्या नाही अडखळल्या.

"मग खुर्चीत बसून घ्या म्हणावं. बसलेला माणूस पडतो का कधी? आधी बसायचं, मग कुत्रं आत. आणि त्या सिद्धेशला फोन लावा, तो इथून जवळच राहतो ना?"

सिद्धेशला मी सगळं सांगितलं. थंडी असेपर्यंत सकाळ-संध्याकाळ येऊन कुत्र्याला फिरवून आणशील का, विचारलं. तो लगेच हो म्हणाला. मग हळूच म्हणाला, "काका, तिथे जेवायचं काही असतं का?" देवयानीला इतक्यात सांगायचं नाही, एवढं मी बजावलं.

मिस्टर डॉयल मोठ्या खुर्चीत बसला. काठी बाजूला ठेवली. आता बाहेर जाऊन साखळी कोण सोडणार, हा प्रश्न कुणी विचारला नाही, कारण सासूबाई माझ्याकडेच बघत होत्या.

ट्रॅक्टरपर्यंत मी कसा गेलो ते मला आठवत नाही. ग्लोव्ह घालून कडीचा खटका दाबला जाईना, म्हणून ग्लोव्ह काढले. थंडीने लोखंड बोटांना डसत होतं. खंड्या भुंकायचा थांबला होता. तो माझ्या गुडघ्याला अंग टेकून उभा होता आणि थरथरत होता. कोण जास्त थरथरत होतं, सांगणं कठीण. खटका निघाला तसा तो मला पार विसरून उघड्या दारातून आत शिरला. मी पोचलो तेव्हा त्याचे पुढचे दोन्ही पाय मिस्टर डॉयलच्या मांडीवर होते, आणि म्हातारा त्याचा पडका कान दोन्ही हातांनी धरून "हो रे, हो रे" असं काहीतरी त्यांच्या भाषेत म्हणत होता. सासूबाई यंदाचं कार्ड टेबलावर ठेवून लाडवाचा डबा उघडत होत्या.

परत येताना आम्ही दोघांनी ठरवलं, देवयानीला लगेच सांगायचं नाही. नियम मोडला होता, तोही तिचा सर्वात लाडका. उद्या रात्री, जेवण झाल्यावर, तिचा मूड बघून सांगू. त्या रात्री ती फार बोलली नाही. दोन-तीनदा उठून खिडकीबाहेरचं थर्मामीटर बघून आली. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सासूबाई माझ्याकडे बघून मान हलवत होत्या, आणि मी त्यांच्याकडे बघून.

सकाळी मी घरूनच मीटिंगमध्ये असताना तिचा फोन आला. उचलला तर आधी नुसता हुंदका.

"श्रीराम, साखळी रिकामी आहे."

मी मीटिंगमधून उठलो.

"तो नाहीये रे. खोक्यात पण नाही. बर्फावर नुसती साखळी पडलीये. तो गेला, श्रीराम. मी काल सकाळी त्याला हाकसुद्धा मारली नाही, उशीर झाला म्हणून, आणि परत येताना अंधारात काही दिसलंच नाही..."

"अगं, ऐक. तो घरात आहे."

"काय?"

"आत आहे. मिस्टर डॉयलच्या घरात, गरम हीटरपाशी. चेस्टर नाव आहे त्याचं. काल आई आणि मी गेलो होतो. तुला सांगणार होतो गं, आज रात्री."

पलीकडून गाडीच्या हीटरची घरघर तेवढी येत होती. मी ओरडा खायची तयारी केली. सासूबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या; त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला नाही, पण कान जवळ आणला.

"गेला होतात म्हणजे? दारात?"

"हो."

"आणि काय केलंत?"

"दार वाजवलं."

"मग?"

"मग त्याने उघडलं."

मला वाटलं, आता ओरडणार.

"मी तीन वर्षं रोज इथे गाडी हळू केली रे," ती म्हणाली. आता ती रडत नव्हती, तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "रोज. काच खाली केली. हाका मारल्या. एकदाही खाली उतरले नाही."

सासूबाई फोनमध्ये तोंड घालून म्हणाल्या, "मग आता उतर की गं."

गाडीचं इंजिन बंद झाल्याचं ऐकू आलं. दार उघडलं, वाऱ्याचा आवाज आला, मग बर्फावर तिच्या बुटांचा करकर आवाज, आधी सावकाश, मग भराभर. तिने फोन ठेवला नव्हता, ती बहुतेक तो विसरलीच होती. मी आणि सासूबाई डोक्याला डोकं लावून ऐकत होतो.

मग तिने दार वाजवलं.