तिसऱ्या बेसवरचा टॅग

हे २००१ सालचं, श्रावणापासून दसऱ्याच्या आसपासपर्यंतचं. त्या वर्षी येडगावच्या बाजूला उसात बिबट्यांनी धुमाकूळ घातला होता, आणि आमच्या हायस्कूलचा मुलींचा सॉफ्टबॉलचा संघ जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी कंबर कसून होता. मी तिथे मराठी शिकवत असे. खेळातलं मला काही कळत नव्हतं. पण मुलींच्या संघाबरोबर एक बाई असावी लागते, म्हणून शाळा सुटल्यावर तासभर मी व्हरांड्यात वह्या तपासत बसायचे. मैदान समोरच होतं.

आदल्या वर्षी आमच्या मुली एका चुकीने हरल्या होत्या. समोरच्या संघातली पळणारी मुलगी तिसरा बेस आणि होम यांच्या मधोमध सापडली होती. अशा वेळी हातातला चेंडू तिच्या अंगाला लावायचा, की ती बाद. त्याला टॅग म्हणतात. आमच्या मुलींनी तिला दोन्हीकडून घेरलं, इकडून तिकडे पाच वेळा चेंडू फेकला, सहाव्या वेळी तो हातातून सुटला आणि ती मुलगी होमवर, म्हणजे शेवटच्या बेसवर पोहोचली; धाव झाली. खेळाचे शिक्षक गोरख सर परतीच्या एस.टी.त कोणाशी एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी पेरूचा फोक तोडून आणला आणि नऊ जणींचे तळहात सोलून काढले.

सरांनी ठरवलं, की मुली कचरतात. मन घट्ट नाही म्हणून चेंडू सुटतो. मग २००१च्या श्रावणात त्यांनी रोज एकच सराव सुरू केला. खताच्या गोणीत माती भरून केलेले दोन बेस. मध्ये एक मुलगी पळणार. एकीकडून होम सांभाळणारी कॅचर, दुसरीकडून तिसऱ्या बेसवरची समृद्धी, दोघींनी एकदम आत दाबत यायचं आणि टॅग असा हाणायचा की आवाज व्हरांड्यापर्यंत आला पाहिजे.

मध्ये पळणारी मुलगी रोज एकच. साक्षी. नववीतली, बौद्धवाड्यातली, संघात दहावी, म्हणजे राखीव. ती सगळ्यांत चपळ होती हे खरं. आणि तिच्या घरून कोणी जाब विचारायला येणार नाही, हेही सगळ्यांना माहीत होतं. समृद्धीचे वडील शाळेच्या कमिटीवर होते.

"आगं समृद्धे, हळद लावतीस का टॅग लावतीस? नवरी हाय का ती?" सर ओरडायचे. "बरगडीत घाल! हां, अशी!"

तो चेंडू पावसात भिजून फुगलेला, दगडासारखा जड. पहिल्या पहिल्यांदा समृद्धीच हात आखडायची. मग फोक तिच्या पोटरीवर बसायचा. आठवड्याभरात ती हात आखडेनाशी झाली. पंधरवड्यात तर मला वाटतं तिला ते आवडू लागलं. साक्षी खाली पडली की बाकीच्या हसायच्या. ती उठायची, तोंडातली माती थुंकायची आणि परत मधोमध जाऊन उभी राहायची.

एकदा नळावर ओणवी होऊन पाणी पिताना तिचा सदरा वर सरकला. कमरेपासून काखेपर्यंत काळंनिळं. मी तिला शिक्षकखोलीत नेऊन मलम लावलं.

"बाई, घरी सांगू नका. आण्णा आळेफाट्याला गॅरेजात असत्यात. त्यांनी ऐकलं तर खेळ बंद."

"मग मध्ये जातेस कशाला?"

"सर म्हणलेत, सगळ्यांचा टॅग बसला का मला बी टीममधी घेणार." मग जरा थांबून म्हणाली, "मला एकदा ग्लोव्ह घालून बेसवर उभं ऱ्हायचंय, बाई. एकदाच."

मी मलमाची डबी बंद केली. सरांना काही बोलले नाही. तो माणूस मुख्याध्यापकांनाही जुमानत नसे, ही मी स्वतःची घातलेली समजूत.

बोलला तो कुशाबा, आमचा शिपाई. महिन्यापूर्वीच संपतरावांच्या उसात बिबट्या शिरला होता, आणि अर्धा गाव काठ्या, डबे घेऊन दोन्ही बांधांवरून एकदम आत घुसला होता. बिबट्याला जायला जागाच उरली नाही. तो कुशाबाच्या डोक्यावर आला. बावीस टाके. अजून त्याचं टाळकं अर्धं बोडकं होतं.

"सर," तो फाटकाजवळून म्हणाला, "दोन्हीकडनं दाबू नका. एकीनंच पळवा, जिकडनं आली तिकडंच. मागं वाट ठिवा. वाट नसली का जनावर अंगावरच येतंय. माझं टाळकं बघा."

"कुशाबा, तू घंटा बडव. हे सॉफ्टबॉल हाय, तुझा बिबट्या न्हाई."

मुली खिदळल्या. साक्षी हसली नाही.

त्यानंतरच्या शनिवारी सर आधीच तापलेले होते. कॅचर आणि समृद्धी दोन्हीकडून आत आल्या, चार पावलांचं अंतर राहिलं. साक्षीने मागे बघितलं, पुढे बघितलं. कॅचरने चेंडू समृद्धीकडे फेकला, समृद्धीने तो दोन्ही हातांत धरून वर उचलला, आणि साक्षी खाली मान घालून सरळ तिच्यावर गेली. डोकं हनुवटीवर, खांदा खांद्यावर. कडकन आवाज झाला, तो मी व्हरांड्यात ऐकला. समृद्धी पाठीवर पडली आणि किंचाळायला लागली. तिच्या ओठातून रक्त येत होतं आणि एक हात भलत्याच बाजूला लोंबत होता.

सरांच्या हातात बॅट होती. त्यांनी साक्षीच्या मांडीवर पहिला दणका घातला, ती गुडघ्यावर आली. दुसरा त्याच जागी. तिसरा पाठीत. ती ओरडली नाही, म्हणून सर जास्तच पिसाळले. "रडत न्हाईस व्हय? रडत न्हाईस?" मी उभी राहिले होते, मांडीवरच्या वह्या खाली सांडल्या होत्या. "सर, पुरे," मी म्हणाले. इतक्या हळू, की माझं मलाच ऐकू आलं. पाचव्या दणक्याला कुशाबाने मागून बॅट धरली आणि दोघे चिखलात आडवे झाले.

सोमवारी समृद्धीचे वडील दहा माणसं घेऊन शाळेत आले. मुलीचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. त्यांनी सरांची कॉलर धरली, भिंतीवर आपटलं, दोन कानाखाली दिल्या. सरांना महिनाभर रजेवर पाठवण्यात आलं, ते समृद्धीच्या हाडासाठी. साक्षीच्या मांड्यांबद्दल कोणी विचारलं नाही. तीही लंगडत शाळेत आली होती, शेवटच्या बाकावर बसली होती.

मंचरची जिल्ह्याची स्पर्धा आठ दिवसांवर. मुख्याध्यापक म्हणाले, बाई, तुम्हीच घेऊन जा. तिसऱ्या बेसला मुलगी नव्हती. मी कपाटातून समृद्धीचा ग्लोव्ह काढला आणि साक्षीच्या हातात दिला. तिने तो नाकाशी धरून वास घेतला.

सराव कुशाबाने घेतला. त्याने सॉफ्टबॉल जन्मात खेळला नव्हता.

"हे बघा पोरींनो, एकीनं बेस सोडायचा न्हाई. दुसरीनं बॉल असा वर धरून नुसतं पळायचं, तिला दिसला पायजे. फेकायचा न्हाई. ती माघारी पळंल, पळू द्या. बेसवरची म्हणंल 'दे', तवाच द्यायचा. एकदाच."

"आन् टॅग, कुशाबामामा?" कॅचरने विचारलं.

"हात लावला तरी बास हाय की. ती काय पळून चालली व्हय आता?"

मंचरला शेवटचा सामना घोडेगावच्या बाजूच्या एका शाळेशी होता, आदल्या वर्षी ज्यांनी आम्हाला हरवलं त्यांच्याशीच. आम्ही एका धावेने पुढे होतो आणि त्यांची एकच मुलगी बाद व्हायची राहिली होती. तिसऱ्या बेसवर त्यांची एक बारीक, दोन वेण्या घातलेली मुलगी उभी होती. चेंडू कॅचरच्या हातात असतानाच ती होमकडे निघाली, अर्ध्यात आल्यावर तिला कळलं, आणि ती थांबली.

कॅचरने चेंडू वर धरला आणि धावत सुटली. मुलगी माघारी वळली. साक्षी बेसवर पाय रोवून उभी होती. मैदानावर सगळे ओरडत होते. मीही ओरडत होते. आदल्या वर्षीची ती परतीची एस.टी., ते सोललेले तळहात, सगळं माझ्या डोक्यात चढलं होतं. मी ओरडले, "मार तिला, साक्षी! मार!"

"दे!" साक्षी म्हणाली. एकच फेक. चेंडू ग्लोव्हमध्ये बसला. समोरची मुलगी दोन पावलांवर थांबली, तिने हात खाली सोडले होते. तिला माहीत होतं, आपण बाद आहोत. बोट लावलं असतं तरी पुरे होतं.

साक्षीने चेंडू दोन्ही हातांत घेतला आणि बरगड्यांखाली घातला. पूर्ण ताकदीने, शिकवला तसा. आवाज आला. ती मुलगी वाकली, गुडघ्यांवर आली, तोंड उघडं, पण श्वासच आत जाईना. मग तिने ओकारी काढली, त्यात रक्ताचे धागे होते. पंचांनी अंगठा वर केला. बाद. आम्ही जिंकलो होतो.

मी टाळ्या वाजवत होते. साक्षीने माझ्याकडे पाहिलं तेव्हा माझे हात थांबले.

ती त्या मुलीच्या शेजारी मातीत बसली आणि तिची पाठ चोळू लागली. मुलीने तिचा हात झटकला. तिच्या शाळेच्या बाई आल्या, तिला उचलून रिक्षात घालून घेऊन गेल्या. साक्षी तिथेच बसून राहिली. बक्षिसाला ती आली नाही.

दुसऱ्या दिवशी ग्लोव्ह माझ्या टेबलावर होता, ओल्या फडक्याने पुसलेला. पुढच्या फेरीला नगरला संघ गेला तो तिच्याशिवाय, आणि पहिल्याच सामन्यात हरला.

गोरख सर महिन्याने परत आले. निवृत्तीपर्यंत त्यांनी आणखी सात संघ तयार केले. त्यांच्या सत्काराला मोठमोठी माणसं आली होती. आता अर्धांगाने अंथरुणावर आहेत. कुशाबा २००९ साली गेला, झोपेत. शेवटपर्यंत त्याने टाळक्यावरून टोपी काढली नाही. समृद्धीचं हाड जुळलं, पण तो हात खांद्याच्या वर जात नाही. ओतूरला तिचं किराणा दुकान आहे, वरच्या फळीवरचा डबा काढायला नवऱ्याला हाक मारते. साक्षी नर्स झाली. दोन वर्षांपूर्वी माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला तीच वॉर्डात होती. सुई टोचण्याआधी तिने विचारलं, "बाई, दुखंल जरा. तयार हाय ना?"

घोडेगावच्या त्या मुलीचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. तिचं नाव मी गुणपत्रकावर वाचलं होतं, त्याखाली सहीसुद्धा केली होती. मला तिच्या वेण्यांच्या रिबिनी आठवतात, निळ्या होत्या. नाव तेवढं आठवत नाही.