फॅक्सचा रकाना

बाहेर सुलक्षणाची स्कूटी वाजली आणि प्रेमराजभाऊंनी जुन्या कॉम्प्युटरवर टॉवेल टाकला. दुकानाचे फोन आणि नोंदी सांभाळणाऱ्या लताबाईंनी वर पाण्याचा जग ठेवला. पाच महिन्यांत दोघांचाही हात चांगला बसला होता.

भाऊंचं धुळ्यात मोटारपंपांचं दुकान. विक्री आणि दुरुस्ती. पुण्याच्या नोकरीतून सहा महिन्यांची रजा काढून लेक सुलक्षणा आली, ती नवं सॉफ्टवेअर घेऊनच.

“हे चाललं तर राहीन, पप्पा. नाही तर माझं इथे काय काम?”

भाऊंनी त्याच क्षणी ठरवलं, सॉफ्टवेअर चालणार. मग ते चालो न चालो.

तेव्हापासून तक्रार आली की लताबाई आधी टॉवेलखाली बघत, मग नव्यात भरत. मेकॅनिक पंडितही कटात होता. दर महिन्याचा अहवाल कसा, बागायतीसारखा हिरवागार.

त्या गुरुवारी लताबाई भाचीच्या साखरपुड्याला पहूरला गेल्या. फोन सुलक्षणाने उचलला.

“मोटर बंद शे, बेटा,” सोनगीरहून रुपचंदनाना बोलत होते.

नव्या सॉफ्टवेअरने मिनिटभरात पंडितच्या नावावर काम टाकलं. पंडितने भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी पंख्याकडे पाहिलं. पंडित निघाला.

तो परतला दुपारी, पोटभर जेवून.

“काय बिघडलं होतं?”

“काही नाही, ताई. नानांची मोटर कधीच बिघडत नाही. फॅक्समध्ये आहे ना ते...” पंडितने जीभ चावली.

“कुठल्या फॅक्समध्ये?”

सुलक्षणाने दोघांच्या नजरेचा माग काढला, जग उचलला, टॉवेल ओढला.

जुन्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक गिऱ्हाइकापुढे फॅक्स नंबरचा रकाना होता. फॅक्स असलेलं गिऱ्हाईक दुकानाला कधी लाभलं नाही, म्हणून लताबाईंनी तो वीस वर्षं दुसऱ्या कामाला लावला होता. नव्यातून तो सुलक्षणानेच काढला होता. फॅक्स आता करतं कोण? लताबाईंना विचारायचं तिला सुचलं नाही, आणि सांगायची लताबाईंची छाती झाली नाही.

ती उभ्यानेच वाचू लागली.

‘प्रमिलाबाई. दुपारी फोन करू नये, नातू झोपतो.’

‘छगनआबा. हो म्हणतात, पण ऐकू येत नाही. सुनेला सांगावे.’

‘रुपचंदनाना. मोटर ठीक असते. मुलगा सुरतला. पाच मिनिटं बोलावं, मग मोटर सुरू होते.’

हे शेवटचं तिने दोनदा वाचलं.

“म्हणजे पाच महिन्यांचे अहवाल खोटे?”

“खोटे कशाला?” भाऊ म्हणाले. “तुला हिरवा रंग आवडतो म्हणून.”

ती हसली नाही. खुर्ची ओढून बसली आणि या महिन्याचा अहवाल तिने स्वतः टाइप करायला घेतला. भाऊ मागे उभे राहिले. पडद्यावर एकेक ओळ उमटत गेली.

‘नवे सॉफ्टवेअर: अयशस्वी.’

भाऊंनी खुर्चीची पाठ धरली.

‘कारण: मालक.’

पंडित गुपचूप बाहेर सटकला.

‘दुरुस्तीस लागणारा काळ:’

इथे तिची बोटं थांबली. रजेचा एकच महिना उरला होता. मग ती जागा तशीच ठेवून तिने अहवाल सेव्ह केला.

भाऊंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

“हे भरायचं राहिलं, बेटा,” ते हळूच म्हणाले.

“राहू द्या,” ती म्हणाली आणि तिने नानांना फोन लावला.