केसरबाईंकडचा फोन

केसरबाईंकडे तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा त्या सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं ओरडल्या, "सुमन, तुझ्या रोशनीला कोण माणूस मागतोय गं? म्हणतो, फोटोत फार गोड दिसते."

रोशनी तेरा वर्षांची. सुमननं धावत जाऊन फोन आपटला.

फोटो योगेश सरांच्या कम्प्युटर क्लासचा. सरांनी इंटरनेटवर क्लासचं पान टाकलेलं. सिल्वासात पहिलंच म्हणून पेढेही वाटलेले. पानावर फोटो, नाव, शाळा, पत्ता आणि घरी फोन नाही म्हणून दिलेला शेजाऱ्यांचा पी.पी. नंबर. फक्त मुलींचे. मुली दिसल्या की ॲडमिशन वाढतात, एवढी अक्कल सरांना होती.

नवरा भगवंत कंपनीतून आला, ऐकलं आणि म्हणाला, "क्लास बंद. उद्यापासून शाळाबी बंद."

वा. शेण त्या योगेशनं खायचं आणि कोंडायचं पोरीला.

सुमन पोलीस चौकीत गेली. हवालदार चहा पीत बोलला, "फोटो लावला म्हणून कुठलं कलम लावू, बाई? असा कायदाच नाही."

तिथून सुमन तशीच क्लासात शिरली. आत एसी, आठ पोरी टाइप करतायत.

"ताई, चप्पल बाहेर," योगेश सर म्हणाले. "धूळ जाते कम्प्युटरमध्ये."

धुळीची काळजी होती म्हणायची. सुमननं चप्पल काढली नाही.

"रोशनीचा फोटो काढा."

"अहो, पोरीचं जगात नाव होतंय. आणि ही बघा पप्पांची सही." सरांनी फोटोच्या परवानगीचा इंग्रजी फॉर्म पुढे केला. भगवंतनं फीची पावती समजून त्यावर सही केलेली.

"तुमची अमृतापण इथंच शिकते ना? तिचा फोटो नाही टाकला?"

"ती घरची आहे."

"मग टाका की. होऊ दे जगात नाव. खाली घरचा नंबर टाका. मी बसते तोवर."

टाइपिंग थांबलं. कोपऱ्यातली अमृता वळून बापाकडे बघत राहिली. सरांनी घाम पुसला, एसीत. मग इंटरनेट जोडणाऱ्या मोडेमची कर्कश किरकिर झाली आणि सगळ्याच पोरी पानावरून गेल्या.

"आता लिहून द्या. चूक क्लासची, पोरीची नाही. इंग्रजीत नको."

सरांनी लिहिलं. अक्षर सातवीतल्या पोरापेक्षा वाईट.

तो कागद सुमननं भगवंतच्या ताटाशेजारी ठेवला. "वाचा. या वेळी आधी वाचा, मग सही करा. रोशनी उद्या शाळेत जाणार."

भगवंतनं हात धुतला आणि वाचायला घेतलं.