लांबीवर जाऊ नका, साहेब

मी हाडं मोजायची फळी बोलतेय. नाक मुरडू नका हो! चांगली सागवानी आहे मी, अंगभर मिलिमीटरच्या रेघा. एका टोकाला पक्की भिंत, दुसऱ्या टोकाला सरकती. मध्ये हाड ठेवायचं, सरकती भिंत अलगद टेकवायची आणि आकडा वाचायचा.

माझ्या मालकीणबाई डॉक्टर, पण त्यांचा पेशंट कधी कण्हत नाही. सापडलेलं हाड बाईचं की पुरुषाचं, ते त्या सांगतात. पोराची उंची मोजावी तशा हाडाला म्हणतात, "चला, टेका बरं पाठ!" पहिला आकडा झाकून पुन्हा मोजतात. आणि मोजून होईपर्यंत हाडामागची हकीकत कानावर येऊ देत नाहीत. मला त्यांचा फार अभिमान वाटतो.

एकदा पडीक विहीर उपसताना मांडीचं आणि नडगीचं हाड सापडलं. तपास अधिकारी ती घेऊन आले.

"बाई, केवढं लांबलचक हाड! गडीमाणूसच. सही तेवढी द्या."

बाहेर बाकावर एक बाई बसली होती. तिची धाकटी बहीण कित्येक वर्षं बेपत्ता. 'हाड पुरुषाचं आहे' म्हणून साहेबांनी तिला दोनदा परत पाठवलं होतं, तरी ती आलीच होती.

मांडीच्या हाडाची लांबी मोजली, ती खरोखर पुरुषाला शोभेल अशी. मी खट्टू झाले. मग डॉक्टरबाईंनी हाड आडवं फिरवून त्याचं गुडघ्याकडचं टोक माझ्या भिंतींमध्ये धरलं. रुंदी बेताची निघाली. नडगीचं वरचं टोकही अरुंदच.

"लांबीवर जाऊ नका, साहेब. उंच बायका नसतात का? सांधे बघा. ही बहुधा बाई आहे."

"बहुधा?"

"बहुधाच. काही बायकांचे नि पुरुषांचे आकडे सारखे येतात, छातीठोक सांगणार नाही. आता बोला, कुणी बाई बेपत्ता आहे?"

साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी दार उघडलं आणि त्या बाईला आत बोलावलं.

तिच्या रक्तातला डीएनए तपासला, तो हाडांशी जुळला. ती न्यायला आली तेव्हा हाडं माझ्यावरच ठेवलेली होती. तिने त्यांवरून हात फिरवला.

"आम्ही सगळे हिला शिडी म्हणायचो, डॉक्टर. मीसुद्धा," ती म्हणाली आणि हमसाहमशी रडली. मग डोळे पुसून हाडांना म्हणाली, "चल गं, घरी जाऊ."

आता आकडा आपोआप दाखवणारी नवी फळी आलीय आणि मी कपाटात असते. त्याचं काही वाटत नाही. मागणं एकच: दाराशी कुणी आपल्या माणसाची वाट बघत बसलं असेल, तर नीट मोजल्याशिवाय त्याला परत पाठवू नका.