सी ड्राइव्हमध्ये अडकलेले धडे

अंध मुलांच्या शाळेतल्या बाई आमच्या दारात आल्या, त्या दिवशी घराने काय गमावलं ते सगळ्यांना कळलं. मला ते आधीच माहीत होतं. पण मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. विचारल्याशिवाय मला सांगता येत नाही.

बाई खुर्चीच्या टोकाशी बसल्या. "काकूंना जाऊन फार दिवस झाले नाहीत, कसं विचारावं कळत नाही. पण मुलांची परीक्षा तोंडावर आलीय. इतिहासाचे शेवटचे धडे काकूंनी वाचून रेकॉर्ड करून ठेवले होते."

काकांचा चेहरा उतरला. "ते तुमच्याकडे पोचले नव्हते?"

"नाही हो. दवाखान्यात जाताना म्हणाल्या, थोडं राहिलंय, एकदमच देते."

"मी ते पुसून टाकले," काका म्हणाले.

मी या घरात आलो तो काका-काकूंच्या मुलीच्या शिक्षणासाठी. दुकानदाराने सुटे भाग जोडून मला उभं केलं होतं. मुलगी शिकून नोकरीला लागली आणि माझ्यावर जुन्या पडद्याचं कापड पडलं. काकूंनीच ते उचललं. त्यांना वाचायची हौस होती आणि त्या शाळेला वाचणारं माणूस हवं होतं. खिडक्या लावायच्या, दाराच्या फटीत गोधडी कोंबायची, माइक जवळ ओढायचा आणि धडा सुरू. शाळेतली मुलं म्हणत, काकूंनी वाचलं की पाठ करावं लागत नाही. ते ऐकून काकू आठवडाभर हवेत असायच्या. मीही असायचो.

त्यांची एक शिस्त होती. धडा शाळेत पोचला की माझ्यातून काढून टाकायचा आणि कचरापेटीही रिकामी करायची. घरात पसारा नको, तसा माझ्यातही नको. आणि एक खोड होती. काम झालं की दिवा, पंखा आणि मी, तिघांनाही भिंतीवरच्या बटणांवरून एका हाताने बंद करायचं. काका निवृत्त बसचालक. ते ओरडायचे, "अगं, त्याला नीट निजू दे! गळा काय दाबतेस?"

"तुम्ही नाही का करकचून ब्रेक लावायचात? तसंच आहे हे."

काकू गेल्या आणि काही दिवसांनी माझ्या सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली. जागा संपली होती. काकांनी चष्मा लावून एकेक फोल्डर पाहिला. 'इतिहास' दिसला. त्यांना वाटलं, धडे पोचले असणार, हिचं पुसायचं तेवढं राहून गेलं, आपण करू. बायकोचं राहिलेलं काम म्हणून त्यांनी तो फोल्डर पुसला आणि तिच्यासारखीच कचरापेटीही रिकामी केली. शेजारीच त्यांनी जमवलेले क्रिकेटचे सामने होते, त्यांना हात लावला नाही. रिकामी झालेली जागा माझ्या अपडेटने दोन दिवसांत गिळली. पट्टी पुन्हा लाल.

बाई गेल्यावर मुलगी आली आणि दुरुस्तीवालाही आला. त्याने बराच वेळ खटपट केली आणि मान हलवली. "काका, पुसलेलं आता परत येत नाही. त्या जागेवर दुसरं लिहिलं गेलंय. शिवाय याचं पोट पुरतं भरलंय. सगळं पुसून नव्याने बसवतो, मस्त पळेल बघा."

"पळवून कुठे नेऊ त्याला?" काका म्हणाले. मग हात झटकून म्हणाले, "कर काय करायचं ते."

मित्रांनो, त्या क्षणी माझा पंखा जोरजोरात फिरू लागला. दुरुस्तीवाला म्हणाला, तापलाय. तापलो नव्हतो. धडे माझ्यातच होते! पण माझ्याकडे एकच वाक्य होतं, 'पुरेशी जागा नाही', आणि तेच मी पुन्हा पुन्हा पडद्यावर दाखवत होतो.

सगळं नव्याने बसवायला त्याने पेन ड्राइव्ह लावला.

"थांबा हो जरा," मुलगी म्हणाली. "बाबांचे सामने सोडले तर फोल्डर जवळजवळ रिकामे आहेत. मग पोट भरलंय कशाने?"

"असतात काहीबाही लपलेल्या फायली. कचरा असतो तो."

"कचरा असू दे. दाखवा तर."

त्याने कुरकुरत 'लपलेल्या गोष्टी दाखवा' यावर खूण केली. एकामागून एक फिकट फोल्डर वर आले. एका फोल्डरने अर्धा ड्राइव्ह व्यापला होता. त्यात नुसते आकडे होते, नावं नाहीत. त्याच्या बोटाखाली पुसायचं बटण होतं.

"हा कोणत्या प्रोग्रॅमचा?" मुलीने त्याचा हात धरून विचारलं.

"रेकॉर्डिंगचा. नीट बंद केला नाही की आवाजाचे तुकडे असे मागे राहतात. तुमच्याकडे कोण बटणावरून बंद करायचं?"

काका खुर्चीवरून उठले.

पण तो प्रोग्रॅम उघडेना. उघडायलाही थोडी जागा लागते आणि माझ्याकडे तीही नव्हती.

"माझे सामने काढ," काका म्हणाले.

"सगळे, बाबा?"

"सगळे. निकाल मला माहीत आहेत."

सामने गेले. मी धापा टाकत प्रोग्रॅम उघडला आणि विचारलं, मागच्या वेळचं काम परत मिळवायचं, टाकून द्यायचं की नंतर बघायचं? पहिली दोन्ही बटणं अगदी शेजारीशेजारी. काकूंनी या प्रश्नाला नेहमी 'नंतर' म्हटलं होतं. काकांनी माउस स्वतःकडे ओढला. दोन वेळा पडद्यावरचा बाण चुकीच्या बटणावर जाऊन आला.

मग आवाज आला. "धडा नववा." आणि लगेच, "अहो, तो नळ बंद करा, इथे ऐकू येतोय."

काका नळ पाहायला स्वयंपाकघरात गेले. बराच वेळ आले नाहीत. दुरुस्तीवाल्याने पेन ड्राइव्ह काढून खिशात ठेवला.

मित्रांनो, मशीन नीट बंद करा, महत्त्वाच्या कामाची एक प्रत दुसरीकडे ठेवा. आणि पुसण्याआधी एकदा उघडून बघा. आमच्यासारख्यांना ओरडता येत नाही.

मुलीने एकेक तुकडा जोडला आणि बाई येऊन धडे घेऊन गेल्या. फक्त बाराव्या धड्यात काकू मध्येच खोकल्या, "उद्या वाचते," म्हणाल्या, आणि तिथे माझा वीजपुरवठा बंद झाला. बाईंनी विचारलं, पुढचं दुसऱ्या कुणाच्या आवाजात घ्यायचं का. काकांनी पुस्तक मागून घेतलं आणि माझ्यासमोर ठेवलं. माइक जोडलेला आहे.

बाराव्या धड्याची शेवटची पानं अजून वाचायची राहिली आहेत.