उलटा कागद

मोटरसायकलचं सिलिंडर-हेड, म्हणजे इंजिनावरचं झाकण, आपल्या जुन्या स्पोर्ट्स कारला बसवायचा डेस्मंडला तीन हिवाळे ध्यास होता. हेड उताणं ठेवून त्याने बोल्टच्या भोकांचा ठसा कागदावर घेतला, तो इंजिनाच्या ब्लॉकवर चिकटवला आणि ड्रिल टेकवलं. असा ब्लॉक अख्ख्या कॉव्हेंट्री शहरात दुसरा नव्हता.

“थांब!” चहा घेऊन आलेली बायको ओरडली. “कागद उलटा कर.”

“नोरा, मध्ये बोलू नकोस!”

“चाळीस वर्षं कपडे बेतलेत मी. हेड पालथं बसणार, मग कागदही पालथा नको? अशाने दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या होतात.”

“हे इंजिन आहे, झगा नाही!”

तरी त्याने धुसफुसत कागद उलटला. खूण बोटभर सरकली. आधीची थेट सिलिंडरच्या भिंतीवर होती; तिथे भोक पडलं असतं तर ब्लॉक वाया गेला असता.

डेस्मंडने ड्रिल खाली ठेवलं.

“झगाच आहे,” तो पुटपुटला.