पहिला प्रश्न सरांचा

"आज पहिला प्रश्न सरांना विचारू द्यायचा नाही," संचालक म्हणाले. "आणि हे त्यांना तुम्ही सांगायचं."

व्यासपीठावर उकिडव्या बसून ताई जमिनीवरची वायर चिकटपट्टीने दाबत होत्या. त्यांचा हात थांबला. "मी सांगू?"

"मग कोण? तुमचे गुरू ते. आमचं ऐकतात का?"

संचालक माणूस वाईट नव्हता. फक्त सकाळपासून त्याचा जीव टांगणीला लागला होता. बाहेरून तपासणी समिती आली होती, आणि नवं सूक्ष्मदर्शक यंत्र मिळणार की जुन्यावरच दिवस काढायचे, हे तिच्या अहवालावर ठरणार होतं. समितीने मुद्दाम शुक्रवार निवडला होता. नॅनोतंत्रज्ञानाच्या या संस्थेत दर शुक्रवारी व्याख्यान होतं, आणि समितीला ते ऐकायचं होतं.

"वाईट मलाही वाटतं, ताई," संचालक खाली वाकून हळू आवाजात म्हणाले. "पण मागच्या शुक्रवारी काय झालं ते तुम्ही पाहिलंत. आज समितीसमोर तसं हसं झालं, तर पुढच्या आठवड्यापासून त्यांना बोलवायचंच नाही, हे मी ठरवून टाकलंय."

पट्टीचा तुकडा दाताने तोडून ताईंनी वायरवर चिकटवला.

व्याख्यानाचा पहिला प्रश्न सर विचारणार, असा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. संस्थेची पहिली प्रयोगशाळा सरांनी उभी केली, तेव्हापासून ते तसंच चालत आलं होतं. सर निवृत्त झाले, संचालक आले नि गेले, पण सरांचा प्रश्न झाल्याशिवाय सभागृहात दुसरा हात वर होत नसे. प्रश्न दिसायला साधा असायचा. एखाद्या लहान मुलाने विचारावा तसा. आणि भल्याभल्या वक्त्यांना त्यावर घाम फुटायचा.

मागच्या शुक्रवारी मात्र सरांनी प्रश्न विचारला, वक्त्याने उत्तर दिलं, आणि सरांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. मग आणखी एकदा. मागच्या रांगेतली पोरं रुमालात तोंड खुपसून हसत होती. ताईंना तेव्हा माइक त्यांच्या डोक्यात घालावासा वाटला होता.

सर आले ते नेहमीसारखे वेळेच्या आधी, सुनेचा हात धरून. सून दारातच ताईंच्या कानाशी लागली.

"सकाळपासून विचारतायत, आज शुक्रवार ना? आंघोळ उरकून दहापासून दारात उभे. बाकी घरात शब्द नाही हो. नातवाचं नाव आठवत नाही परवापासून. पण शुक्रवार बरोबर लक्षात आहे." ती थोडी हसली. "तेवढं एक आहे तुमच्यामुळे. नाहीतर कठीण होतं."

सुनेला ताई काय सांगणार होत्या?

"काय गं," सर म्हणाले, "आज विषय काय?"

"सोन्याचे अतिसूक्ष्म कण, सर. कर्करोगाच्या गाठीपर्यंत औषध पोचवणारे."

"असं? मग विचारायला पाहिजे."

"सर, आज जरा..." ताईंनी सुरुवात केली. सर मान तिरकी करून ऐकायला थांबले. वर्गात कुणी शंका काढली की थांबायचे, अगदी तसेच. ताईंनी बोलणं फिरवलं. "आज जरा एसी जास्त आहे. शाल आणलीत ना?"

सर पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर जाऊन बसले. ताई दिव्यांच्या बटणांपाशी जाऊन उभ्या राहिल्या. दुसऱ्या रांगेतून संचालकांनी भुवया उंचावून विचारलं, सांगितलंत ना? ताईंनी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

व्याख्यान सुरू झालं. वक्ता तरुण होता, भरभर बोलत होता. पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर सोन्याचे ठिपके चमकत होते. प्रत्येक कणावर त्याने एक आवरण चढवलं होतं. त्या आवरणामुळे आजारी पेशी कणाला ओळखायची आणि आत घ्यायची. काम सुरेखच होतं.

ताई एके काळी याच संस्थेत सरांकडे संशोधनाला आल्या होत्या. प्रबंध अर्ध्यावर आला नि वडील अंथरुणाला खिळले. घरात करणारं दुसरं कुणी नव्हतं. सरांनी बरंच समजावलं, शेवटी सेमिनारचं हे काम लावून दिलं. निदान विज्ञान कानावर पडत राहील म्हणाले. मग वडील गेले, लग्न झालं, मुलगी झाली, आणि प्रबंधाचं नाव कुणी काढलं नाही. मुलगी शाळेत सांगायची, माझी आई माइक धरते. त्यात खोटं काहीच नव्हतं.

पण एक खेळ ताई अजून खेळत. व्याख्यान संपत आलं की सर आज काय विचारतील, हे त्या मनातल्या मनात ओळखून ठेवत. सुरुवातीला हमखास चुकायचं. पुढे पुढे बरोबर यायला लागलं, आणि आलं की त्या दिवशी घरी स्वयंपाक करताना त्या गुणगुणत असत. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यांना त्यात काही वाटलंही नव्हतं.

टाळ्या झाल्या. ताईंनी दिवे लावले.

"कुणाचे काही प्रश्न?" वक्त्याने विचारलं.

संचालकांनी एका तरुण प्राध्यापकाकडे पाहिलं. पहिला हात त्याने वर करायचा, असं ठरलेलं होतं. त्याने हात उचलला खरा, पण पुढे बसलेल्या सरांच्या पांढऱ्या डोक्याकडे नजर गेली आणि तोच हात त्याने केसांतून फिरवला. कुणी काही बोलेना. समितीच्या अध्यक्षबाईंनी सभागृहावरून नजर फिरवली. इथे कुणाला काही विचारावंसंच वाटत नाही की काय, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर उमटायला लागला होता.

तेवढ्यात सरांनी हात वर केला.

संचालक ताईंकडे बघून मान हलवत होते. या खेपेला नकार अगदी स्वच्छ होता. ताईंना तो दिसला. तरी त्या चालत गेल्या आणि त्यांनी माइक सरांच्या हातात दिला.

सर उभे राहिले. "तुमच्या या..." ते म्हणाले आणि थांबले.

सगळे वाट बघत होते. सरांनी पडद्याकडे पाहिलं, मग हातातल्या माइककडे. कुणीतरी क्षणभर सांभाळायला दिलेली वस्तू धरावी, तसा त्यांनी तो धरला होता. ओठ हलत होते, पण शब्द येत नव्हता. मागून कुणीतरी खोकलं. कुणीतरी हसू दाबलं.

ताईंनी त्यांच्या हातातून अलगद माइक घेतला.

"सरांचा प्रश्न असा आहे," त्या म्हणाल्या. आपलाच आवाज भिंतींवरून परत आलेला ऐकून त्या दचकल्या. इतक्या वर्षांत या माइकवर 'हॅलो, हॅलो'पलीकडे त्या कधी बोललेल्या नव्हत्या. "तुम्ही कणावर आवरण चढवलंत. पण कण रक्तात गेला की रक्तातली प्रथिनं त्याला चिकटणार. त्यांचा दुसरा थर तयार होणार. मग पेशीला जे दिसतं, ते तुमचं आवरण असतं की रक्ताने चढवलेलं?"

वक्ता मोकळेपणाने हसला. "खरं सांगू? गेलं वर्षभर आम्ही इथेच अडकलोय. प्रयोगशाळेत बशीतली पेशी कणाला ओळखते. रक्तात घातलं की निम्म्याहून जास्त कण ती ओळखतच नाही." तो फळ्याकडे वळला आणि आकृती काढून सांगायला लागला. अध्यक्षबाई पुढे सरकून बसल्या. संचालकांनी खुर्चीला पाठ टेकली.

सर अजून उभेच होते. ते ताईंकडे वळले. ते बोलणार हे ताईंना दिसलं आणि त्यांनी अंगठ्याने माइकचं बटण बंद केलं.

"प्रश्न चांगला काढलास," सर म्हणाले. चेहऱ्यावर निखळ कौतुक होतं, नव्या विद्यार्थिनीचं करावं तसं. "पीएचडी कुणाकडे करतेस?"

ताईंनी सरांच्या दंडाला धरून त्यांना खुर्चीत बसवलं, घसरलेली शाल सारखी केली.

"तुमच्याकडेच, सर."

सरांनी जरा विचार केला. मग समाधानाने मान हलवली.

"मग लिहून काढ लवकर. उगाच रेंगाळू नकोस."

"हो, सर."

मागे भराभर हात वर होत होते. ताईंनी माइक चालू केला आणि सगळ्यात आधी वर झालेल्या हाताकडे त्या निघाल्या.